सात चौकटी सरळ गेलेला मासा

३ फेब्रुवारी

ताई,

तू परत तेच लिहिलंस, आणि तेही उघड्या कार्डावर, म्हणजे पोस्टमनलाही कळावं की तुझा भाऊ वाया गेलाय. "माशांच्या मागे हिंडायला कोण पगार देतं?" देतात. एक तारखेला, हातात. आणि ही आठवी नोकरी नाही, सातवी आहे. बर्फाचा कारखाना तू दोनदा मोजतेस. मी तिथून गेलो, परत आलो, परत गेलो, पण कारखाना एकच होता ना?

पायाला भिंगरी म्हणून तू मला जन्मभर बोललीस. इथे मला त्या भिंगरीवरच घेतलंय. मॅडमनी विचारलं, "दिवसभर होडीत बसून राहशील का?" मी म्हटलं, "बसून नाही राहणार, फिरत असेन तर राहीन." त्या म्हणाल्या, "माशांचंही तेच म्हणणं असतं. उद्यापासून ये."

आता काम काय ते नीट सांगतो. दाजींनाही वाचून दाखव, पण घड्याळदुरुस्तीची काच डोळ्यावरून काढायला सांग, नाहीतर ते नुसतं हं हं करतील.

तळं इतकं मोठं की पलीकडच्या काठावरचं माणूस बाई की बुवा ते कळत नाही. काठावर आमचं केंद्र, चार खोल्या आणि एक धक्का. मॅडम माशाला गुंगी देतात, पोटात बोटाच्या पेराएवढी गोळी बसवतात, दोन टाके घालतात (तुझ्यापेक्षा बारीक घालतात, राग मानू नकोस) आणि सोडून देतात. ती गोळी पाण्यात टिकटिक करत राहते. प्रत्येक माशाची टिकटिक वेगळी. मी होडीतून एक दांडी पाण्यात धरतो, कानाला यंत्र लावतो आणि दांडी फिरवत जातो. आवाज जिकडे मोठा तिकडे मासा. दर दहा मिनिटांनी तो ज्या चौकटीत असेल तिथे नकाशावर ठिपका द्यायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, चोपन्न ठिपके. एका दिवसाला एक मासा. वल्हं नावाडी काका मारतात. त्यांना फार बोलायला आवडत नाही, त्यामुळे आमचं छान जमतं, कारण मग मीच बोलतो.

सतरा नंबरचा मासा सकाळपासून एका दगडाखाली बसून असतो, कोणी ढोसल्याशिवाय हलत नाही. त्याचं नाव मी दाजी ठेवलंय. हे वाचून दाखवू नकोस.

या ठिपक्यांचं मॅडम गणित करतात. यादृच्छिक चाल म्हणतात त्याला, म्हणजे वाटेल तशी चाल. शाळेत गणिताच्या तासाला मी वर्गाबाहेर उभा असायचो, त्यामुळे गणित मला फक्त भिंतीपलीकडून ऐकू आलेलं. पण मॅडमनी नाणं घेतलं आणि मला धक्क्यावर उभं केलं. छापा आला की एक पाऊल उजवीकडे, काटा आला की डावीकडे. शंभर वेळा. म्हणाल्या, "शेवटी कुठे असशील?" मी म्हटलं, कुठेही. त्या म्हणाल्या, "कुठेही नाही. साधारण दहा पावलांच्या आत-बाहेर. आणि चारशे पावलं टाकलीस तर वीस." म्हणजे चौपट चालायचं तेव्हा दुप्पट लांब जायचं. एकटा मासा पुढच्या क्षणी कुठे वळेल ते देवालाही सांगता येत नाही, पण शंभर मासे महिन्याभरात किती पसरतील ते कागदावर सांगता येतं. मला तर रात्री झोपताना हसूच आलं, इतकं ते बेरकी आहे.

हे सगळं कशाला, तर पाणीपुरवठ्याचे लोक तळ्यात मोठा नळ टाकणार आहेत. त्याच्या तोंडाशी पाण्याची ओढ अशी असते की मासा सापडला तर जाळीला चिकटून मरतो. नळाच्या दोन जागा ठरल्यात. काठाजवळची स्वस्त, लांबची महाग. जिथे मासे अंडी घालतात त्या उथळ कोपऱ्यातून ते जवळच्या जागेपर्यंत किती दिवसांत पोचतात, ते मॅडम मार्चअखेर लिहून देणार, मग नळ कुठे ते ठरणार. म्हणजे माझ्या ठिपक्यांवर ठरणार.

आणि जूनमध्ये इथे एक जागा कायमची भरायची आहे. मला ती हवी आहे. असं वाक्य मी आजवर कुठल्या नोकरीबद्दल लिहिलेलं नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

पुरावा म्हणून अकरा नंबरच्या माशाचा एका दिवसाचा कागद पाठवतोय. ही नक्कल आहे, खरा कागद मॅडमकडे. ठिपके जोडून रेघ मारली आहे. बघ आणि बोल.

तुझा भाऊ


११ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

पत्र पोचलं. दाजींना अख्खं वाचून दाखवलं, दगडाखालच्या माशासकट. ते म्हणाले, "एका जागी बसून पोट भरतंय ना त्याचं? मग हुशार आहे."

नोकऱ्या सात, हे मान्य. बर्फाच्या कारखान्याचं तू म्हणतोस ते एका अर्थी बरोबर आहे, पण मला दोनदा काळजी करावी लागली होती, म्हणून मी दोनदा धरते.

तुझी नाण्याची गंमत मी दुकानासमोरच्या गल्लीत करून पाहिली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शंभर पावलं झाली तेव्हा दारापासून चौदा पावलांवर, बँकेच्या पायरीशी होते. तेवढ्या वेळात तीन जणांनी विचारलं काय हरवलं, आणि चौथ्याने न विचारताच शोधायला सुरुवात केली. तुझ्या मॅडमचं गणित खरं आहे असं त्यांना सांग.

आता कामाचं. दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, निळी शाल घेऊन. म्हणाल्या, "यावर काहीतरी काढून दे, पण फुलं नकोत, वेली नकोत, कोयऱ्या नकोत." मी म्हटलं, मग उरलं काय? तेवढ्यात त्यांना टेबलावरचा तुझा कागद दिसला. "हे काय आहे?" मी म्हटलं, मासा आहे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. त्या हसत सुटल्या आणि म्हणाल्या हेच पाहिजे.

चंदेरी दोऱ्याने काढलं. ठिपका तिथे एक गाठ, मध्ये साधी टीप. मला वाटलं होतं गिचमीड होईल, पण असं काही दिसलं की मीच दोन वेळा दिव्याखाली धरून बघितलं. एका ठिकाणी गाठींचा नुसता पुंजका आणि मग एकदम लांब रेघ, जणू त्याला काहीतरी आठवलं. डॉक्टरीणबाईंच्या दोन बहिणी आहेत, दोघींना तशीच हवी आहे, पण मासा वेगळा हवा. तेव्हा आणखी दोन कागद पाठव.

कायमच्या जागेचं वाचलं. दोनदा वाचलं. जास्त काही म्हणत नाही, दृष्ट लागते.

जेवण वेळेवर कर. होडीत उभा राहू नकोस.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

शालीचं ऐकून मी केंद्रात सगळ्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माझा निबंध दहा जणांनीही वाचला नाही, आणि हा मासा आता लग्नाकार्यात फिरणार."

सोबत दोन कागद आहेत, चार नंबर आणि नऊ नंबर. घे आणि काढ शाली.

इकडे मजेत आहे. नावाडी काका डोळ्याच्या ऑपरेशनला गेले त्याला दोन आठवडे झाले, तीन आठवड्यांची रजा आहे. तोवर होडी मी एकटाच नेतो. वल्हं, दांडी, यंत्र, नकाशा, सगळं एकट्याने. मॅडमनी विचारलं, "झेपेल ना?" मी म्हटलं, डोळे मिटून. तसा आता मला मासा कळायला लागलाय. तो कुठे वळेल ते मला आधीच समजतं, यंत्र नुसतं नावाला.

पलीकडच्या काठावर होडीची इंजिनं दुरुस्त करायची एक शेड आहे. तिथला इंजिनवाला मोठा भला माणूस. एक बंद पडलेलं इंजिन त्याने माझ्यासमोर पूर्ण उघडून ठेवलं, एकशे बारा भाग, आणि म्हणाला, "लाव." चार दुपारी गेल्या पण लावलं, आणि एकही भाग उरला नाही. कर्कश सुरू झालं तेव्हा शेडवरचे सगळे कावळे उडाले. त्याच्या मते माझा हात चांगला आहे.

मॅडमना यंदा एक नवल वाटतंय. मासे गेल्या वर्षीपेक्षा फारच कमी पसरताहेत. उथळ कोपऱ्यातून नळाच्या जवळच्या जागेपर्यंत यायला त्यांना चाळीस दिवस लागतील असं गणित निघतंय. म्हणजे जवळची जागा चालेल. पाणीपुरवठ्याचे लोक खूश आहेत, मोठा खर्च वाचला म्हणून. त्यांचा साहेब येऊन माझ्याशी हात मिळवून गेला. मी म्हटलं, आमचे मासे पहिल्यापासून आळशीच.

तुझा भाऊ


५ मार्च

भिरभिऱ्या,

दोन्ही कागद मिळाले. चार नंबर शालीवर काढायला घेतला, आणि अर्ध्यावर उसवून ठेवला.

का ते सांगते, पण त्याआधी माझ्या धंद्यातली एक गोष्ट ऐक. गिऱ्हाईक कधी कधी म्हणतं, मणी लावा पण रांगेत नकोत, उधळल्यासारखे लावा. नवीन असताना मी एकेक मणी हाताने ठेवायचे, इथे एक, तिथे एक, अगदी वाटेल तसे. आणि लावून झाल्यावर बघावं तर शाळेतली मुलं कवायतीला उभी असावीत तसे दिसायचे. एकाच्या जवळ दुसरा नाही. कुठे दाटी नाही, कुठे मोकळं नाही. हाताला वाटतं, इथे एक ठेवलाय, आता पलीकडे ठेवू. मग मी काय करायला लागले, तर मूठभर मणी घ्यायचे, डोळे मिटून कापडावर फेकायचे आणि पडतील तिथे टाचायचे. चार एकमेकांना चिकटतात, एखादा एकटाच लांब जाऊन पडतो. उधळलेलं तेव्हा खरं दिसतं.

आता तुझे कागद. पहिल्यात, अकरा नंबरच्या, मासा एकाच चौकटीत नऊ ठिपके बसून आहे. मग एका दमात सात चौकटी सरळ गेलाय, न वळता. परत येऊन बसलाय. या दोन कागदांवर मी टाचणी घेऊन मोजलं. चार नंबर एकदाही दोन चौकटींपेक्षा जास्त सरळ गेलेला नाही. डावीकडे गेला की लगेच उजवीकडे. एकदाही, एकदाही तो एका चौकटीत दोन ठिपके बसलेला नाही. नऊ नंबरचंही तेच. चोपन्न ठिपके अख्ख्या कागदावर सारखे वाटून दिलेत, प्रसाद वाटावा तसे.

हा मासा हाताने ठेवलेला आहे, बाळा.

चार दुपारी तू इंजिन जोडत होतास असं तूच लिहिलंस. त्या दुपारचे ठिपके कोणी दिले?

मला नळातलं काही कळत नाही. पण माप चुकीचं लिहिलं आणि कातर चालवली, की मग कितीही चांगला हात असला तरी कापड परत जोडता येत नाही. तिथे अजून कातर चाललेली नाही ना?

ताई


१० मार्च

ताई,

तू शिवणकाम कर. मासे काय आणि मणी काय. मासा जिवंत असतो, त्याला वाटेल तसा तो जातो, त्याने तुझ्या शालीसाठी सरळ जायला हवं का? गणित मॅडमनी केलंय, त्यांना चूक दिसली नाही आणि तुला टाचणीने दिसली.

दुसऱ्या शालीसाठी वेली काढ. बऱ्या दिसतात.

तुझा भाऊ

नावाडी काका परत आले. आता नीट चाललंय.


१७ मार्च

भिरभिऱ्या,

"आता नीट चाललंय" असं लिहिलंस. बरं झालं. आता.

रागावले नाही. काल रविवार होता, मी दाजींना कामाला लावलं. त्यांना म्हटलं, हा कागद घ्या, नाणं टाकू नका, नुसतं मनाने शंभर वेळा छापा-काटा लिहा, अगदी खरं वाटेल असं. मी स्वयंपाकघरात बसून खरं नाणं शंभर वेळा टाकलं आणि लिहिलं. मग दोन्ही कागद शेजारच्या मास्तरांना दिले आणि विचारलं, खरा कुठला? ते बघताक्षणी फसले आणि म्हणाले, दाजींचा. कारण माझ्यात एके ठिकाणी ओळीने सात छापे होते. दाजींच्यात तीनपेक्षा जास्त कुठेच नाहीत. दाजी म्हणाले, "मलाही एकदा सात लिहावेसे वाटले होते, पण लोक म्हणतील खोटं लिहिलंय."

दोन्ही कागद सोबत पाठवते आहे. तुझ्या मॅडमना दाखव किंवा दाखवू नकोस.

मॅडमचा अहवाल कुठल्या तारखेला जाणार आहे?

ताई


२९ मार्च

ताई,

अहवाल पंचवीस तारखेला जाणार होता. तुझं पत्र बावीसला आलं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. होडीतही घेऊन गेलो. नावाडी काका कधी नाही ते बोलले, "पत्र भिजेल." मग चोवीसला संध्याकाळी मॅडमच्या खोलीत गेलो.

मला वाटलं होतं त्या टेबलाशी बसून चहा पीत असतील, मी पटकन सांगेन आणि त्या पटकन हाकलतील. पण अख्ख्या खोलीभर कागद पसरलेले. खुर्चीवर, खिडकीत, जमिनीवर. त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि केसांत पेन्सिल. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पाय जपून ठेव. बरा आलास. माझं कुठे चुकतंय ते सांग."

मी विचारलं, तुमचं?

म्हणाल्या, "नऊ वर्षं मी हे समीकरण वापरतेय. मासा मागचं पाऊल थोडं लक्षात ठेवतो, सरळ जात असला तर पुढेही थोडा सरळ जातो. तिथेच सगळं आहे. पण यंदाचे तुझे ठिपके त्यात बसत नाहीत. यंदाचा मासा मागचं लक्षात ठेवतो, पण उलटं. डावीकडे गेलो होतो म्हणून आता उजवीकडे. असा मासा मी पाहिला नाही. तीन आठवडे झाले, मी समीकरणच मोडून नवीन मांडतेय."

ताई, त्यांनी माझे ठिपके खरे धरले आणि स्वतःचं नऊ वर्षांचं गणित खोटं. एकदाही त्यांना वाटलं नाही की पोरगा थापा मारत असेल. आठवी नापास पोराचे ठिपके. त्यापेक्षा त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, मॅडम, तो मासा मी आहे.

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. काका नव्हते ते अठरा दिवस. पहिले काही दिवस नीट केलं. मग एकदा वारा होता, मी इंजिनच्या शेडला होडी लावली, आणि तासाचे सहा ठिपके एकदम भरले. कोणाला कळलं नाही. मग दोन तासांचे. मग दिवसाचे. बारा दिवस. अख्खं इंजिन समोर उघडं पडलेलं आणि मासा नुसता टिकटिक करतोय, मला नाही राहवलं.

त्यांनी पसरलेले कागद गोळा करून माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाल्या, "ते बारा कागद काढ यातून." मी काढले. एकही चुकला नाही, माझे मला ओळखू येतात. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि राहिलेल्यांवर परत गणित मांडलं. मी दारात उभा. अर्धा तास झाला, तास झाला. मग त्यांनी केसांतली पेन्सिल काढून खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "बसतंय," म्हणाल्या. "नऊ वर्षांचं बसतंय." आणि ताई, त्या हसल्या. माझ्यावर नाही, गणितावर, पण हसल्या.

मग मात्र बोलल्या. ते सगळं लिहीत नाही. शेवट असा की, अहवाल तीन आठवडे पुढे ढकलला. पाणीपुरवठ्याच्या साहेबाला त्यांनी माझ्यासमोर फोन केला आणि सांगितलं, "आमच्या मोजणीत चूक होती." 'त्याच्या' म्हणाल्या नाहीत, 'आमच्या' म्हणाल्या. बारा दिवस परत करायचे, आठ ते पाच, बिनपगारी. जूनच्या जागेचं मी विचारलं नाही. तोंड नव्हतं.

तुझे आणि दाजींचे कागद त्यांना दाखवले. त्या दाजींचा कागद बोटाने वाचत गेल्या आणि म्हणाल्या, "हे गृहस्थ फार सरळ असावेत." म्हटलं, सतरा नंबर.

उद्या सकाळी पहिला दिवस. चार नंबरपासून.

तुझा भाऊ


६ एप्रिल

भाऊराया,

पत्र वाचून दाखवताना मी मध्ये थांबले, तर दाजी म्हणाले, "पुढे वाच, तिने काढलं का त्याला?" मी म्हटलं, नाही. तेव्हा त्यांनी डोळ्यावरची काच काढली आणि चहा मागितला. तोवर काच लावून बसले होते, पण हातात घड्याळ नव्हतं, म्हणजे बघ.

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. भेटल्या तर त्यांच्या मापाचं काहीतरी शिवून देईन. खांद्याचं माप तेवढं लिहून घे, अंदाजे नको.

डॉक्टरीणबाईंच्या बहिणी थांबायला तयार आहेत. मी त्यांना सांगितलं, मासे अजून पोहताहेत.

होडीत उभा राहू नकोस.

ताई


२२ एप्रिल

ताई,

बारा दिवस झाले. म्हणजे तेरा झाले, कारण एक दिवस यंत्राची तार तुटली आणि तीन ठिपके चुकले, तर मीच मॅडमना म्हटलं हा धरू नका. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मासाच बोलला.

खोटं सांगत नाही, कंटाळा आला. चार नंबर एके दिवशी एका चौकटीत बावीस ठिपके बसला. बावीस, ताई. पावणेचार तास मी त्याच टिकटिकीवर, वर ऊन, काका झोपलेले. पलीकडून इंजिनचा आवाज येत होता आणि तो आवाज मी ओळखला, दोन नंबरची झडप अडकत होती. हात शिवशिवले. मी बाविसावा ठिपका दिला आणि तेवढ्यात मासा निघाला. असा निघाला की काकांना उठवायला वेळ नाही, मीच वल्हं ओढलं. एक चौकट, दोन, पाच, आठ. सरळ. त्या उथळ कोपऱ्यातून थेट नळाच्या जवळच्या जागेकडे. काका जागे होऊन म्हणाले, "कुठे चाललाय हा?" मी म्हटलं, माहीत नाही, आणि मला इतकं बरं वाटलं ना, की मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात मॅडमनी अहवाल पाठवला. मासे जवळच्या जागेपर्यंत चाळीस नाही, अकरा दिवसांत पोचतात. नळ लांबच्या जागेवर टाकावा, असं लिहिलंय. साहेबाने फोनवर बरंच तोंडसुख घेतलं, खर्च वाढला म्हणून, पण शेवटी म्हणाला, "बाई, लेखी आहे तर लेखी आहे." लांबच्या जागेवर कालच खुंट्या मारल्या. मी होडीतून बघून आलो.

जूनच्या जागेचं असं झालं. मॅडमनी आज बोलावलं. म्हणाल्या, कायमची जागा देणार नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणाल्या, "आणखी सहा महिने बघते. आणि केंद्राच्या मोठ्या होड्यांची दोन्ही इंजिनं दर शनिवारी तू उघडायचीस, म्हणजे तुझे हात शांत राहतील आणि आठवड्याचे बाकीचे दिवस कान माझ्याकडे." म्हणजे सातव्याच नोकरीत आहे, ताई. आठवी मोजू नकोस.

माझे ते बारा खोटे कागद त्यांनी फाडले नाहीत. पुढच्या वर्षी विद्यार्थी येतील तेव्हा त्यांच्यासमोर ठेवणार, खऱ्यांत मिसळून, आणि ओळखायला सांगणार. मी म्हटलं, नाव लिहू नका. त्या म्हणाल्या, नुसतं 'मासा, भाऊ' असं लिहीन.

चार नंबरचा तो बावीस ठिपक्यांचा कागद सोबत आहे, आणि नऊ नंबरचा. आता शाली काढ. गाठींचा पुंजका दाट होईल, पण तो तसाच होता. मॅडमच्या खांद्याचं माप साडेपंधरा, टेपने घेतलंय.

बारा दिवसांचा पगार गेला, त्यामुळे या महिन्याचं पाठवणं थोडं आहे. आधी तीनशे लिहिणार होतो, वाचायला बरं दिसलं असतं, आणि उरलेलं काकांकडून घेऊन भरलं असतं. पण खानावळीचे देऊन हातात जे राहिलं तेच पाठवतो. दोनशे सत्याऐंशी.